देव मानतो, पण गाऱ्हाणं पटत नाही: डीइझम आणि आपला गावधर्म

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी सिंधुदुर्गातला, गावातच राहतो. आमच्याकडे माणूस एकतर देवाचा असतो नाहीतर नास्तिक, मधलं काही नसतं. मी देव मानतो. हे सगळं जग, त्याचे नियम, कोणाच्या बुद्धीशिवाय आपोआप उभं राहिलं असं मला मनापासून पटत नाही. पण तो देव माझं कर्ज फेडेल, पोराला सीईटीत मार्क देईल, किंवा मानपान चुकला म्हणून घरात आजारपण आणेल, हेही पटत नाही. घरात बोललो तर काकी म्हणते "तू नास्तिक झालंस मरे", आणि मुंबईतले नास्तिक मित्र म्हणतात तू अर्ध्यात थांबलास.

तर या मधल्या जागेला युरोपात चारेकशे वर्षांपासून नाव आहे, डीइझम. १६२४ साली लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेरबरी नावाच्या इंग्रज सरदाराने पॅरिसला एक ग्रंथ छापला, त्यात म्हटलं की सगळ्या धर्मांच्या तळाशी काही समान गोष्टी आहेत आणि त्या माणसाला स्वतःच्या बुद्धीने कळू शकतात. पुढे १६९६ मध्ये जॉन टोलंड, १७३० मध्ये मॅथ्यू टिंडल यांनी तोच धागा ओढला, आणि १७९४ ला थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं 'एज ऑफ रीझन' आलं, ते साध्या माणसांच्या हातात पोचलं. यांचं सगळ्यांचं सगळं जुळतं असं नाही पण गाभा असा, की निर्माता आहे, त्याने सृष्टी आणि तिचे नियम केले, त्याला ओळखायचं तर सृष्टी बघा आणि डोकं वापरा, त्यासाठी पोथी, चमत्कार, प्रेषित, भटजी, पाद्री कोणी लागत नाही.

संघटित धर्मापेक्षा फरक इथेच आहे. धर्मात देव बोललेला असतो, कोणाशी तरी, कधीतरी, आणि ते बोलणं सांभाळणारी माणसं असतात. मग काय खरं काय खोटं ते ती माणसं ठरवतात, कोण आत कोण बाहेर तेही तीच ठरवतात. डीइझममध्ये देव कोणाच्या कानात काही बोललेला नाही त्यामुळे सांभाळणारे पण नाहीत.

आता माझा खरा प्रश्न. हे सगळे लोक भांडले बायबल आणि चर्चशी. आपल्या गावच्या देवाचं पुस्तकच नाही. आपल्याकडे गाऱ्हाणं आहे आणि कौल आहे. देवाला विचारायचं आणि त्याने आत्ता, समोर, उत्तर द्यायचं. मला वाटतं जगात डीइझमच्या बरोब्बर उलटं काही असेल तर ते कौल लावणं. मग पेनसारख्यांचे युक्तिवाद आपल्याला लागू होतात का? की आपल्याला वेगळा विचार करावा लागेल? मनापासून विचारतोय, कोणाची श्रद्धा दुखवायची नाहीये.

तर्कटी

चांगला धागा. थोडक्यात सांगायचं तर न्यूटनने गुरुत्वाकर्षण दाखवलं आणि देवाचा घड्याळजी झाला, किल्ली देऊन बाजूला. डीइझम म्हणजे हेच ना?

मास्तर_निवृत्त

तर्कटी, बरेच जण असंच समजतात म्हणून जरा खोलात लिहितो. न्यूटन स्वतः डीइस्ट नव्हता. उलट त्याला वाटायचं की ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि देवाला अधूनमधून हात घालून त्या नीट कराव्या लागतील. यावर लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१५-१६ च्या पत्रव्यवहारात खोचकपणे विचारलं की म्हणजे न्यूटनच्या देवाला आपल्या घड्याळाला मधूनमधून किल्ली द्यावी लागते की काय, एवढा पुढचा विचार त्याला जमला नाही? गंमत अशी की लायब्निझ पण डीइस्ट नव्हता. पण प्रश्न तिथे पडला तो पडला. देव जितका हुशार तितका त्याला मध्ये पडायची गरज कमी. हा विचार मला आजही फार मोठा वाटतो, कारण यात देवाचा अपमान नाही, उलट मान आहे.

आणि "किल्ली दिली आणि गेला" हे सगळ्या डीइस्टांना लावू नका. हर्बर्टच्या पाच गोष्टींमध्ये देवाची उपासना करावी हे आहे, सदाचार हीच खरी उपासना हे आहे, चुकलं तर पश्चात्ताप करावा, आणि चांगल्या-वाईटाचं फळ मेल्यानंतरही मिळतं हे सुद्धा आहे. पेनने तर पहिल्याच पानांत लिहिलंय की मी एकच देव मानतो आणि या आयुष्यापलीकडे सुखाची आशा धरतो. तेव्हा हे लोक कोरडे नव्हते. आणि हेही लक्षात घ्या की पेनने ते पुस्तक नास्तिकतेच्या बाजूने नाही लिहिलं, क्रांतीनंतरचा फ्रान्स धावत नास्तिकतेकडे चाललाय या काळजीने लिहिलं, पहिला भाग पुरा होतोय तोच त्याला पॅरिसमध्ये अटक झाली.

आपल्याकडचं सांगायचं तर गीतेच्या पाचव्या अध्यायातले १४ आणि १५ हे श्लोक बघा. प्रभू लोकांचं कर्तृत्वही निर्माण करत नाही आणि कर्मंही नाही, स्वभाव आपला चालत राहतो, तो कोणाचं पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. एवढंच वाचलं तर वाटेल डीइझमच. पण नवव्या अध्यायात तोच भगवंत भक्तांचा योगक्षेम मी वाहतो म्हणतो. त्यामुळे गीतेला ओढूनताणून डीइस्ट करू नये असं माझं मत.

खारवारा

वाचतोय. छान चाललंय. मास्तर +१

उत्तर_वसई

मी वसईचा, कॅथलिक. थोडं आमच्या बाजूने. डीइझम नेमका युरोपातच का आला हे समजून घ्यायचं तर १ नोव्हेंबर १७५५ बघा. लिस्बन, पोर्तुगालची राजधानी. ऑल सेंट्स डे, सकाळची वेळ, सगळी चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लोक जीव घेऊन मोकळ्या जागेत नदीकडे पळाले तर तिथे समुद्र आत आला, आणि चर्चमधल्या आणि घराघरातल्या मेणबत्त्यांनी शहराला आग लागली ती कित्येक दिवस. हजारो माणसं प्रार्थना करताना मेली. (आमच्या वसईचे किल्ले-चर्चेस ज्यांनी बांधली त्यांची ही राजधानी. वसईत त्यांचं राज्य १७३९ लाच संपलं होतं, पण मला हे वाचताना परकं शहर वाटत नाही.)

काही धर्मगुरू म्हणाले ही पापाची शिक्षा. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर प्रचंड चिडला, त्याने कविता लिहिली, की लिस्बनमध्ये लंडन-पॅरिसपेक्षा जास्त पाप होतं का? जे मेले त्या तान्ह्या पोरांनी काय केलं होतं? पण व्हॉल्टेअर नास्तिक झाला नाही हे विसरू नका. फर्नी गावात त्याने नंतर स्वतः एक चर्च बांधून दिलं आणि त्यावर कोरलं की हे व्हॉल्टेअरने देवासाठी उभारलं. संताचं नाव नाही, थेट देवाचं. त्याचा राग देवावर नव्हता, देवाच्या नावाने शिक्षेचा हिशोब सांगणाऱ्यांवर होता. हे मला पटतं, आणि मी रविवारी मिसाला जातो तरी पटतं.

पण एक विचारतो. आमच्याकडे मयत झालं की गावातून माणसं येतात, खड्डा खणण्यापासून सातव्या दिवसापर्यंत घरच्यांना काही बघावं लागत नाही. हे चर्चमुळे आहे. तुमचा डीइझम मयताला काय देतो?

वाशिष्ठी

चिपळूण. लिस्बनचं वाचून राहवलं नाही. २२ जुलै २०२१ ला आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खाली पाणी. नंतर चिखल काढताना शेजारच्या आजी म्हणाल्या देवाने वाचवलं बाई. मी हो म्हटलं. पण आमच्याच ओळखीतली माणसं गेली त्या पाण्यात, त्यांच्या घरात पण देव्हारा होता, आणि त्या आमच्यापेक्षा जास्त पूजा करायच्या. तेव्हापासून मला "देवाने वाचवलं" म्हणवत नाही, कारण मग "त्यांना का नाही" हे पण बोलावं लागतं. देव नाही असंही म्हणवत नाही. खाडीकाठ, तुम्ही लिहिलेली मधली जागा मला त्या चिखलात सापडली, नाव आज कळलं.

नाखवा

माका ह्या डीइझम बिझम म्हायत नाय, पण एक सांगतंय. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमेला आम्ही दर्याला नारळ देतो. तो दिल्यावर वादळ येणार नाही असं आमच्यातला एकही माणूस समजत नाही. होडी पाण्यात घालायच्या आधी हवामान खात्याचा मेसेज बघतो, बावटा बघतो, इंजिन बघतो. तौक्ते वादळ आलं तेव्हा बोटी आत घेतल्या त्या इशारा ऐकून. मग नारळ कशाला? कारण तिथे वर्षभर पोट भरतं आणि तिथेच माणूस परत येत नाही. अशा जागेला हात न जोडता पाय कसा ठेवायचा? तुमचा निर्माता ऐकत नसेल तर नसेल. मला हात जोडायचेत, त्याने ऐकावं म्हणून नाही.

खाडीकाठ

नाखवा, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. तुम्ही जे करता ते पेनने पाहिलं असतं तर त्याला खटकलं नसतं. त्याचं म्हणणंच होतं की सृष्टी हाच देवाचा शब्द, तो कोणाला बदलता येत नाही, खोटा छापता येत नाही. दर्यासमोर हात जोडणं यात कोणी मध्ये उभा नाही, आणि बदल्यात काही मागितलेलं नाही.

आता कौलाकडे येतो कारण मला त्यातच अडकायला झालंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी फुलांचे कळे किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतो, मानकरी समोर बसतात, गाऱ्हाणं घातलं जातं, "बा देवा म्हाराजा" पासून सुरू, प्रत्येक वाक्याला सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा", आणि मग प्रश्न. सगळ्यांचे डोळे त्या ओल्या कळ्यांवर. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा तर नकार. कधी पंधरा-वीस मिनिटं काहीच पडत नाही, देवळात पंख्याचा आवाज तेवढा. मी लहानपणापासून बघतोय आणि आजही तो क्षण आला की माझा श्वास अडकतो, खोटं कशाला बोलू.

पेनचा सगळ्यात धारदार मुद्दा साक्षात्काराबद्दल आहे. तो म्हणतो, देव एखाद्याशी बोलला असं क्षणभर मान्य करू, तर तो साक्षात्कार त्या एकट्यापुरता. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ती ऐकीव गोष्ट झाली, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला मी बांधील नाही. पुस्तकी धर्माला हा मुद्दा जोरात लागतो. पण कौलाला लागतच नाही! कळा पडताना पन्नास माणसं बघतात. ऐकीव काही नाही. म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला डीइझम समजावताना पेनचा मुद्दा तसाच उचलून चालणार नाही, तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो, की कळा का पडला? ओलावा सुकला, वजनाने सुटला, वारा लागला. जो नियम निर्मात्याने घातला त्याच नियमाने पडला. मग त्याच निर्मात्याने तो नियम बाजूला ठेवून आमच्या जत्रेची तारीख सांगितली असं मानायचं का? मी नाही मानत. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि लाखो लोक त्या तारखेला येतात, हे मला सुंदर वाटतं. गावाने मिळून ठरवायची एक रीत म्हणून सुंदर वाटतं.

सुरंगी

खाडीकाठ, कळा का पडला हा प्रश्न ठीक आहे. माझा प्रश्न आहे की प्रश्न कोणी विचारला?

पन्नास माणसं बघतात म्हणता, त्यात बायका किती? आमच्या गावात (नाव देत नाही) मानकऱ्यांच्या ठराविक घराण्यांशिवाय कोणी कौल मागू शकत नाही. कुठल्या वाडीच्या माणसाने सभामंडपात कुठवर यायचं हेही ठरलेलं. दोन वर्षं शिमग्याची पालखी मानाच्या भांडणापायी आमच्या वाडीत आली नाही, म्हाताऱ्या आजी अंगण सारवून, रांगोळी घालून वाट बघत बसलेली मी पाहिलीय. देव कोणाकडे जायचं नाही म्हणाला? देव काही म्हणाला नाही. चार घरं म्हणाली.

म्हणून मला डीइझम युरोपातून समजून घ्यायची गरज वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी इथेच मांडलंय. त्यांनी पेन वाचला होता हे खरं, पण निर्मिक ही त्यांची स्वतःची मांडणी. निर्मिकाने सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखं केलं, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये कोणी दलाल नको, कुठलाही एक ग्रंथ त्याने लिहून दिलेला नाही. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावली. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ ला छापलं गेलं, त्यात फुलं वाहणं, नैवेद्य, नामस्मरण एकेक घेऊन विचारलंय की ज्याने हे सगळं केलं त्याला तेच परत देऊन काय मिळवता. उत्तर_वसईंनी विचारलं मयताला काय देतो, तर सत्यशोधकांनी लग्नाचे आणि मरणाचे विधी स्वतः लिहून काढले. म्हणजे जमू शकतं.

आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. व्हॉल्टेअरला भूकंपाने हलवलं. फुल्यांना माणसाने माणसाशी केलेल्या वागण्याने. देव मध्ये पडत नाही हे मान्य केलं की "देवानेच तुम्हाला खालचं केलं" हे वाक्य कोणाला बोलता येत नाही.

बाणकोट_बंदर

सुरंगीताई, शेवटचं वाक्य मनाला लागलं.

मी कोकणी मुसलमान. एक भर घालतो कारण वर दोन-तीनदा मध्यस्थ नसणं म्हणजे डीइझम असा सूर आला. आमच्यात माणूस आणि अल्लाच्या मध्ये कोणी नाही, इमाम पुढे उभा राहतो तो नमाज पढवायला, पापं माफ करायला नाही. पण म्हणून आम्ही डीइस्ट नाही. कुराणात म्हटलंय की तो माणसाच्या मानेच्या शिरेपेक्षा जवळ आहे, आणि त्याने कलाम पाठवला, पैगंबर पाठवले, तो दुआ ऐकतो. तेव्हा मध्यस्थ आहे का हा एक प्रश्न, देव बोलला का हा दुसरा, आणि ऐकतो का हा तिसरा. डीइझम तिन्हीला साधारण नाही म्हणतो. आम्ही पहिल्याला नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्याला हो म्हणतो. तिन्ही एकत्र घोळले की वाद भरकटतो.

मास्तर_निवृत्त

बाणकोट, फार नेमकं. तुमचे तीन प्रश्न घेऊनच प्रार्थना समाज बघूया. १८६७ ला मुंबईत सुरू झाला, त्यातले रामकृष्ण गोपाळ भांडारकर मूळ आपल्या मालवणात जन्मलेले, १८३७. मूर्ती नको, ग्रंथ अपौरुषेय नको, जातिभेद नको. मध्यस्थाला नाही, पुस्तकाला नाही. पण तिसऱ्या प्रश्नाला मात्र ठाम होय, देव ऐकतो, म्हणून तर प्रार्थना, म्हणून तुकोबांचे अभंग. न्यायमूर्ती रानडे तर्काने एवढे कडक पण त्यांना ऐकणारा देव सोडवला नाही. मला त्यात दुबळेपणा दिसत नाही. माणसाला बोलायला कोणी लागतं.

आणि सुरंगी, विधी लिहून काढण्याबद्दल एक इशारा. फ्रान्समध्ये क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएरने १७९४ ला डीइझमचाच सरकारी धर्म केला, परमसत्तेचा उत्सव. ८ जूनला पॅरिसच्या मैदानात कृत्रिम डोंगर उभारला, मिरवणूक, गाणी, स्वतः पुढे. २८ जुलैला त्याचंच डोकं उडालं आणि तो धर्मही संपला. वरून लादला की निर्मात्याचाही दरबार होतो. सत्यशोधक खालून उभे राहिले म्हणून टिकले जितके टिकले.

काजूबी

सगळं पटतंय पण एक शंका. आमच्याकडे देवराई आहे. आत वाळलेली काटकी उचलायची झाली तरी लोक घाबरतात, देवाचं आहे म्हणून. बाहेरचा डोंगर बघा, काजू-रबरासाठी पूर्ण उघडा झालाय. देव बघत नाही, शिक्षा करत नाही असं उद्या गावाने मानलं तर देवराई आठवड्याभरात साफ होईल. सोडायचा का तो धाक?

खाडीकाठ

काजूबी, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण एवढं सांगतो की धाकाने राखलेली देवराई धाकानेच तोडता पण येते. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, लाकूड पाहिजे, कौल लावला, उजवा मिळाला, आणि शंभर-दीडशे वर्षांची झाडं गेली. असं कोकणात एका नाही अनेक गावांत झालंय. झाड तोडायला देवाचीच परवानगी म्हटल्यावर कोण आडवा येणार? हेच झाड निर्मात्याने केलंय, आपल्याला करता येत नाही, एवढ्यासाठी राखायचं असं ठरलं असतं तर निदान ग्रामसभेत वाद घालता आला असता. कौलाशी वाद घालता येत नाही.

वाशिष्ठी, तुम्ही लिहिलंत त्यावर काय बोलू कळत नाही. पण लिहिलंत ते बरं केलंत.

सुरंगी

वाद घालता येत नाही हाच मुद्दा. म्हणून मी कौल बंद करा म्हणत नाही. जत्रेची तारीख घ्या कौलाने. झाडं, रस्ता, पाण्याची लाईन कुठल्या वाडीला आधी आणि पालखी कुठे जायची, हे ग्रामसभेत, बायकांसकट, हात वर करून. आमच्या गावात यंदा मी हे लेखी देणार आहे. कोणाच्या गावात असं झालं असेल तर कसं केलं ते इथे लिहा, मला खरंच हवंय.

नाखवा

आमच्या वाडीत पालखीचा मार्ग आता सगळ्या वाड्यांच्या बैठकीत चिठ्ठ्या टाकून ठरतो, बायका पण असतात बैठकीला. जुन्या मानकऱ्यांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली. आम्ही एवढंच म्हटलं, पहिला नारळ तुमचाच, मार्ग सगळ्यांचा. मसुदा पाठवतो.